कोरडेपणाचा हिशेब

‘कोरडे’ हा शब्द आपण व्यवहारात फार सैल हाताने वापरतो. दोरीवर दुपारभर राहिलेले धोतर कोरडे, गच्चीवर वाळत घातलेले पापड कोरडे, आणि ज्या उत्तरात जिव्हाळ्याचा ओलावा नाही ते उत्तरही कोरडेच. या कोरडेपणाला परिमाण नाही; हाताला ओले लागले नाही, एवढाच काय तो त्याचा पुरावा. हाताहून सूक्ष्म असा एक साक्षीदार मात्र आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून बसलेला आहे, तो म्हणजे मीठ. आषाढ लागला की कोकणातल्या घरोघरी मिठाच्या बरणीत पाणी सुटते आणि हवेत न दिसणारे पाणी डोळ्यांना दिसू लागते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत पाऊस जवळ आल्याची जी लक्षणे नोंदविली आहेत त्यांत मिठाला येणाऱ्या विकाराचीही गणना केली आहे. तेव्हा मीठ हे आपले पहिले आर्द्रतामापक यंत्र, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र मीठ ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच सांगते. ‘किती’ या प्रश्नास त्याच्यापाशी उत्तर नाही.

हवेत पाणी किती असते याविषयी आपला अंदाज सहसा चुकतो. ज्या वाचकांनी दिल्ली, जयपूर किंवा जोधपूर येथे नोकरीच्या निमित्ताने मे महिना काढला आहे, त्यांना लू म्हणजे काय हे सांगावयास नको. ओठ फुटतात, वहीचे कागद कडकडीत होतात, ओला टॉवेल खुंटीवर टाकता टाकता वाळतो. अशा दुपारी उष्णतामान ४० अंश सेंटिग्रेड व सापेक्ष आर्द्रता शेकडा १५ धरली, तर त्या ‘कोरड्या’ हवेच्या दहा लाख भागांत पाण्याच्या वाफेचे सुमारे ११,००० भाग भरतात. म्हणजे शंभरात एकाहून अधिक! आमच्या लेखाचा विषय या कोरडेपणाच्या फार पलीकडचा आहे. ट्रान्झिस्टर आणि चिपा बनविण्याच्या कारखान्यांतून नायट्रोजन, हायड्रोजन, आर्गॉन, अमोनिया असे जे वायू नळावाटे वाहतात, त्यांत पाण्याचा अंश शंभर कोटी भागांत काही थोडे भाग एवढाच खपतो. शंभर कोटी भागांतील एका भागास आपण अब्जांश म्हणू आणि दहा लाखांतील एकास दशलक्षांश. अब्जांश म्हणजे केवढा? एकतीस-बत्तीस वर्षे रात्रंदिवस अखंड नोकरी करणाऱ्या माणसाने त्या साऱ्या काळात एक सेकंद रजा घेतली, तर ती रजा एक अब्जांशाची होईल.

सरकारी कचेऱ्यांत ‘निरंक’ नावाचे एक विवरणपत्र असते. अमुक प्रकारचे एकही प्रकरण शिल्लक नाही, असे त्यात लिहून वर पाठवावयाचे असते. ज्याने ते पाठविले आहे तो जाणतो की, ‘निरंक’ याचा अर्थ ‘शोधले व सापडले नाही’ असाही होऊ शकतो आणि ‘शोधलेच नाही’ असाही होऊ शकतो. कोरडेपणाचा इतिहास हा बव्हंशी अशा निरंक पत्रांचाच इतिहास आहे. प्रत्येक पिढीने आपल्या साधनास जेथवर दिसत होते तेथवर पाहून ‘येथे पाणी नाही’ असे लिहिले, आणि पुढच्या पिढीने अधिक तीक्ष्ण साधन आणून त्याच जागी पाणी दाखवून दिले. हा इतिहास कसा घडला ते थोडक्यात पाहू.

आर्द्रता मोजण्याची पहिली लेखी सूचना १४५० सालची आहे. कूसाचा निकोलस या जर्मन धर्मपंडिताने एक संवाद लिहिला, त्यात वजनकाट्यावर करावयाचे प्रयोग एका अशिक्षित माणसाच्या तोंडून सांगविले आहेत. काट्याच्या एका पारड्यात पुष्कळशी लोकर व दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे दगड ठेवावे. हवा दमट झाली की लोकर जड होईल, सुकी झाली की हलकी होईल. कल्पना साधी आहे, परंतु तिच्यात एक मोठी गोष्ट घडली: ओलावा हा वजनाचा, म्हणजे आकड्याचा विषय झाला. पुढे दोनशे वर्षांनी टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने वेगळी वाट काढली. शंकूच्या आकाराच्या भांड्यात बर्फ भरून ते टांगून ठेवावयाचे. बाहेरच्या अंगाला हवेतील पाणी धरते, ते टोकाकडून थेंबाथेंबाने खालच्या पात्रात पडते, आणि ठरावीक वेळात किती पाणी जमले यावरून हवेची तुलना करता येते. फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेने १६६७ साली आपल्या प्रयोगांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या यंत्राचे वर्णन आहे. वाचकांनी हे बर्फाचे भांडे ध्यानात ठेवावे. शेवटी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

अठराव्या शतकात जिनीव्हाच्या ओरास बेनेदिक्त द सोस्यूर याने माणसाचा केस हाती घेतला. सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढलेला केस दमट हवेत लांबतो व सुक्या हवेत आखडतो. अगदी सुक्यापासून अगदी ओल्यापर्यंत ही वाढ शेकडा दोन-अडीच भाग भरते. १७८३ साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. या यंत्राचे वंशज आपल्या देशातील वेधशाळांत पुष्कळ वर्षे राबले आहेत, आणि पुण्याच्या ज्या इमारतीला लोक आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात, त्या हवामान खात्याच्या कचेरीशी परिचय असलेल्या वाचकांस केसांच्या आर्द्रतालेखकाचे नाव नवे नसावे. सोस्यूरने आपल्या मापनपट्टीवर शंभराची खूण पाण्याने भिजविलेल्या काचपात्रात केस ठेवून केली, आणि शून्याची खूण कडक भाजलेल्या क्षाराबरोबर केस बंद करून केली. क्षाराने जेवढे पाणी शोषले ते गेले. जे त्याला शोषता आले नाही ते राहिले आणि त्याच्यासकट त्या स्थितीस ‘शून्य’ हे नाव मिळाले. आमच्या मते साऱ्या विषयाची गोम येथे आहे. शंभर कोठे मांडावे यावर कोणाचे फारसे दुमत नसते. शून्य कोठे मांडावे हा खरा प्रश्न.

लोकर, केस, मीठ या सर्वांत एक सामाईक उणीव आहे. ही साधने पाण्याविषयी बोलतात खरी, पण स्वतःच्या स्वभावातून बोलतात. एक केस दुसऱ्यासारखा नसतो; आजचा केस उद्या शिळा होतो. सोस्यूरचा प्रतिस्पर्धी द लुक हा देवमाशाच्या तोंडातील पातळ पट्टी वापरीत असे, आणि दोघांची यंत्रे मधल्या टप्प्यात एकमेकांशी जुळत नसत. यावर त्यांचा वाद जुंपला, आणि वाद मिटविण्यास दोहोंपैकी कोणतेही यंत्र पुरेसे नव्हते, कारण दोन्ही वादी होते. न्यायनिवाडा पाण्यानेच करावयास हवा होता. तो मार्ग माँपेलिएच्या शार्ल ल र्वा याने १७५१ सालीच सुचवून ठेवला होता. पेल्यातील पाणी बर्फाने हळूहळू थंड करीत जावे. ज्या उष्णतामानाला पेल्याच्या बाहेरून दव धरू लागेल ते टिपून घ्यावे. यालाच पुढे दवबिंदू हे नाव रूढ झाले. हवेत पाणी जितके कमी तितका दवबिंदू खाली.

या निरीक्षणाला गणिताचा आधार दिला तो मँचेस्टरच्या जॉन डाल्टन याने. १८०१ साली त्याने प्रत्येक उष्णतामानाला पाण्याच्या वाफेचा दाब किती असतो याचे कोष्टक मांडले, आणि मिश्रणातील प्रत्येक वायू आपला दाब स्वतंत्रपणे देतो हेही सांगितले. आता दवबिंदू टिपून कोष्टकात पाहिले की वाफेचे प्रमाण हाती येऊ लागले. १८२० साली जॉन फ्रेडरिक डॅनियल याने ईथरच्या बाष्पीभवनाने थंड होणाऱ्या काचेच्या गोळ्याचे सुटसुटीत यंत्र केले, व १८४५ साली फ्रान्सच्या रेन्योने काचेऐवजी चांदीचे पातळ, लखलखीत टोपण वापरले. रेन्योची एक दक्षता विशेष सांगण्यासारखी आहे: दव धरले की नाही हे तो दुरून दुर्बिणीतून पाहत असे. जवळ जावे तर पाहणाऱ्याच्या श्वासातील ओलावाच मोजला जाण्याची भीती. मोजणारा स्वतः मोजमापात मिसळतो, हे त्याने ओळखले होते. पुढच्या शतकात अब्जांश मोजू पाहणाऱ्यांना हीच भीती शतपटीने छळणार होती.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञांचा एक निराळाच उद्योग चालला होता. त्यांना हवेतील ओलावा मोजावयाचा नव्हता. तो संपूर्ण घालवावयाचा होता. १८८० साली ऑक्सफर्डच्या हॅरल्ड डिक्सन याने दाखविले की, कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण चांगले वाळवले तर ठिणगी पाडूनही त्याचा स्फोट होत नाही. किंचित ओलावा येताच होतो. त्याचा शिष्य हर्बर्ट ब्रेरेटन बेकर याने हा धागा आयुष्यभर ताणला. फॉस्फरस पेंटॉक्साइड ही पांढरी पूड पाण्याची अत्यंत लोभी. तिच्या सान्निध्यात त्याने वायू व द्रव महिनोन्महिने, पुढे वर्षानुवर्षे बंद करून ठेवले. वाळलेला अमोनिया व वाळलेले हायड्रोजन क्लोराइड एकत्र येऊनही संयोग पावत नाहीत, वाळलेले हायड्रोजन व ऑक्सिजन तापवूनही भडकत नाहीत, असे त्याने जाहीर केले. १९२२ साली तर वर्षानुवर्षे वाळवलेले बेंझीन ८० ऐवजी १०६ अंशांना उकळते, असे त्याने कळविले. विद्वत्सभांत मोठी खळबळ उडाली. पाण्याचा लवलेशही न उरला तर पदार्थाचा स्वभावच पालटतो की काय!

बेकर हा कुशल प्रयोगकार होता व प्रामाणिक होता, यांत शंका नाही. परंतु इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा अनेकांस ते फळ मिळाले नाही, आणि उकळबिंदू चढल्याची वार्ता हळूहळू शास्त्राच्या पुस्तकांतून गळून गेली. आज मागे वळून पाहता उणीव स्पष्ट दिसते. बेकरच्या नळीत पाणी किती उरले होते, हे त्याला किंवा त्याच्या टीकाकारांना मोजता येत नव्हते. ‘नऊ वर्षे वाळवले’ हे काळाचे माप झाले, कोरडेपणाचे नव्हे. ज्याला फळ मिळाले नाही त्याला ‘तुझे पुरेसे वाळले नसेल’ असे म्हणता येई, आणि या म्हणण्याला खोडून काढण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. जे मोजता येत नाही त्याविषयी वाद होऊ शकतो, निर्णय होऊ शकत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या एडवर्ड मोर्ले याचे. मायकेलसनबरोबर १८८७ साली प्रकाशाच्या वेगाचा जगप्रसिद्ध प्रयोग करणारा मोर्ले तो हाच. त्याने विचारले, फॉस्फरस पेंटॉक्साइडवरून गेलेल्या वायूत पाणी ‘उरतच नाही’ म्हणता, तर ते किती उरत नाही? प्रचंड प्रमाणावर वायू संथपणे सोडून व अतिशय सूक्ष्म वजने करून १९०४ साली त्याने उत्तर दिले: ४०,००० लिटर वायूत फार तर एक मिलिग्रॅम. आजच्या भाषेत हे प्रमाण तीस-पस्तीस अब्जांश होते. विजेचे यंत्र नाही, प्रकाशाचे नाही. केवळ वजनकाटा आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर त्याने निरंकाच्या जागी आकडा लिहिला. मोर्लेच्या नावाभोवती बेकरच्या नावासारखी खळबळ कधी उडाली नाही, परंतु त्याचा आकडा टिकला.

हा सारा व्यवहार प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिला असता. तो कारखान्यात आणला दोन गोष्टींनी: आधी युद्धाने आणि मग ट्रान्झिस्टरने. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या मागे ढगांची पांढरी रेघ उमटे व शत्रूला त्यांचा माग लागे. ती रेघ केव्हा उमटेल हे सांगण्यासाठी वरच्या थरांतील ओलावा मोजणे भाग होते, आणि तेथे दव नव्हे तर हिमकण धरतात. ज्या उष्णतामानाला ते धरतात त्यास हिमबिंदू म्हणू. ऑक्सफर्डचे डॉब्सन व त्यांचे सहकारी ॲलन ब्रूअर यांनी विमानात बसून वापरण्याजोगा हिमबिंदूमापक तयार केला. काळ्या रंगाच्या लहानशा धातूच्या टोपणावर हिम धरते का, हे ब्रूअर आकाशात डोळ्यांनी पाहत. एका ठरावीक उंचीच्या वर हवा एकाएकी विलक्षण सुकी होते व हिमबिंदू वजा ८० अंशांच्या घरात उतरतो, हे त्यातून उघड झाले. समुद्रसपाटीच्या दाबावर वजा ७६ अंश हिमबिंदू म्हणजे एक दशलक्षांश. वजा १०० अंश म्हणजे सुमारे १४ अब्जांश. इतक्या खाली हिम धरावयास रेणूच मिळेनात. ते जमेपर्यंत तासन्‌तास थांबावे लागे.

१९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. हे बालक हवेच्या ओलाव्याला फार नाजूक निघाले. पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटले की त्याचे गुणधर्म भरकटत. म्हणून त्याला धातूच्या हवाबंद डबीत कोंडण्याची प्रथा पडली. त्या डबीच्या पोटातील ओलाव्यासाठी पुढे अमेरिकी लष्कराच्या प्रमाणग्रंथात ५,००० दशलक्षांश ही मर्यादा ठरली. तिच्यामागील एक विचार मोठा व्यवहारी आहे: ओलावा एवढाच असला तर थंडीत त्याचे पाणी न होता सरळ हिम होते, आणि पाणी धातूला गंजविते तसे हिम गंजवीत नाही.

परंतु याच प्रयोगशाळेत १९५५ साली जे घडले त्याने पाण्याचे दुसरे रूप दाखविले. कार्ल फ्रॉश व लिंकन डेरिक हे सिलिकॉनच्या चकत्या भट्टीत ठेवून त्यांवरून हायड्रोजन सोडीत असताना तो वायू अपघाताने आतच पेटला. हायड्रोजन जळला म्हणजे पाण्याची वाफ होणारच. चकत्या बाहेर काढल्या तर त्या नासलेल्या नव्हत्या. त्यांवर चकचकीत, रंगीत असा काचेसारखा थर चढलेला होता. तो सिलिकॉनचा ऑक्साइड होय. हा थर खालच्या पृष्ठभागाचे रक्षण करतो व हवे तेथे कोरून काढला तर तेवढ्याच जागी इतर द्रव्ये आत शिरू देतो, हे त्यांनी ओळखले. याच ऑक्साइडच्या आधाराने १९५९ साली फेअरचाइल्ड कंपनीच्या जाँ हर्नी यांनी सपाट ट्रान्झिस्टर घडविण्याची रीत काढली, आणि चिपांचे युग सुरू झाले. तेव्हा ज्या पाण्याला हा धंदा वैरी मानतो त्याच पाण्याने त्याचा पाया घातला. वैर पाण्याशी नाही. न बोलावता आलेल्या, न मोजलेल्या पाण्याशी आहे. मोजून सोडलेली वाफ चकतीवर हवा तेवढा थर चढविते. न मोजलेली वाफ मात्र स्फटिकाच्या वाढत्या थरात दोष पेरते, ॲल्युमिनियम असलेल्या संयुगांत ऑक्सिजन मिसळते, आणि हायड्रोजन क्लोराइडसारख्या वायूशी हातमिळवणी करून पोलादी नळालाच खाऊ लागते. मग त्या नळातील लोह चकतीवर जाऊन बसते.

यापुढील मापनाचा इतिहास म्हणजे या बिनबोलावल्या पाहुण्याच्या पाळतीचा इतिहास. १९५३ साली स्कॉटलंडमधील टॉरी संशोधन केंद्रात, जेथे मासळी टिकविण्याचा व सुकविण्याचा अभ्यास चालत असे, ॲल्युमिनियमवर विजेने चढविलेला सच्छिद्र थर ओलाव्याने आपले विद्युत्-गुण बदलतो, हे दाखविण्यात आले. त्यातून स्वस्त व सुटसुटीत अशी यंत्रे निघाली. पण केसाप्रमाणेच या थराचाही स्वभाव काळाबरोबर बदलतो व त्यास वरचेवर दुसऱ्या मापाशी ताडून पाहावे लागते. १९५९ साली ड्यूपाँ कंपनीच्या एफ. ए. कायडेल याने जे यंत्र प्रसिद्ध केले त्याची जात मात्र निराळी होती. प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडचा पातळ थर द्यावयाचा. बेकर व मोर्ले यांची ती पांढरी पूड आता शोषक राहिली नाही, मापक झाली. वायूतील पाणी ती गिळते, आणि वीज त्या पाण्याचे तत्क्षणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करते. फॅरडेच्या नियमानुसार पाण्याच्या प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. तेव्हा प्रवाह मोजला की रेणू मोजले. मिनिटास १०० घन सेंटीमीटर वायू वाहत असेल व त्यात एक दशलक्षांश पाणी असेल, तर सुमारे १३ मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो. येथे कोणाच्या स्वभावावर विसंबावे लागत नाही. तरीही मापक वायू जर हायड्रोजनच असेल, तर विघटनातला ऑक्सिजन प्लॅटिनमच्या सान्निध्यात त्याच्याशी मिळून पुन्हा पाणी करतो, तेच पाणी दुसऱ्यांदा मोजले जाते आणि आकडा फुगतो. हिशेबात एकच रक्कम दोनदा पडण्याचाच हा प्रकार.

१९६४ साली विल्यम किंग याने क्वार्ट्झच्या कंप पावणाऱ्या स्फटिकावर ओलावा शोषणारा लेप दिला. स्फटिकावर पाण्याचे ओझे चढले की त्याचा कंप मंदावतो. तो किती मंदावला यावरून ओझे कळते. कूसाच्या निकोलसचा वजनकाटा पाचशे वर्षांनी असा परत आला. पण या काट्यालाही दुसरे पारडे लागतेच. नमुन्याचा वायू व पूर्ण वाळवलेला वायू आळीपाळीने सोडून दोहोंतील फरक घ्यावा लागतो, आणि ‘पूर्ण वाळवलेला’ म्हणजे किती, हा सोस्यूरचा प्रश्न पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो.

अब्जांशांच्या प्रदेशात आणखी एक अडचण भेटली, ती नळाची. पाण्याचा रेणू धातूला घट्ट चिकटतो व सावकाश सुटतो. नळातून आज अत्यंत सुका वायू सोडला तरी कालचा ओलावा भिंती तासन्‌तास परत देत राहतात. उलट ओला वायू आला तर भिंती तो गिळून टाकतात आणि यंत्र खोटी ग्वाही देते. म्हणून नळ आतून विजेने घासून आरशासारखे करावे, तापवून वाळवावे, आणि जोडणीत एकही आंधळा कोपरा राहू देऊ नये, असा दंडक पडला. रेन्यो श्वासाला भ्याला. त्याचे वारस आपल्याच नळाला भितात.

यातून सुटण्याचा एक मार्ग प्रकाशाने दिला. १९८८ साली ओकीफ व डीकन यांनी एक रीत मांडली: अत्यंत परावर्तक अशा दोन आरशांमध्ये वायू कोंडून प्रकाशाचा झोत आत सोडावा व तो किती वेगाने विझतो तेवढेच मोजावे. आरसा दर खेपेस दहा हजारांतील एकच भाग गमावीत असेल, तर अर्ध्या मीटरच्या पात्रात प्रकाश सुमारे पाच किलोमीटर चालतो; इतक्या वाटेवर पाण्याचा अंश लपून राहू शकत नाही. आम्हांस या रीतीतील सर्वांत मनोज्ञ भाग वाटतो तो तिच्या शून्याचा. पाणी प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीच शोषते. लेसर त्या लांबीवरून किंचित बाजूला सरकविला की त्याच वायूत, त्याच पात्रात, पाणी जणू नाहीसे होते, तोच आधार. शून्यासाठी क्षार नको, वाळवलेला वायू नको. सोस्यूरच्या दोनशे वर्षांच्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर होय.

आणि यंत्र खरे बोलते की नाही हे कोण ठरविणार? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने त्यासाठी जे साधन उभारले त्याचा गाभा म्हणजे बर्फ. काटेकोर उष्णतामानाला राखलेल्या बर्फावरून सुका वायू नेला की त्या उष्णतामानाला बर्फ जेवढी वाफ देतो तेवढीच त्यात मिसळते. वजा १०० अंशांच्या आसपास ठेवलेला बर्फ असे काही अब्जांश पाणी मोजून देतो, आणि त्यावर इतर यंत्रांची परीक्षा होते. फर्डिनांडच्या शंकूतील बर्फ हवेतून पाणी घेत असे. हा बर्फ हिशेबाने पाणी देतो. साडेतीनशे वर्षांत एवढा फरक पडला.

आपल्या देशाने या क्षेत्रात १९७६ साली मोहाली येथे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स स्थापन करून पाऊल टाकले. १९८४ साली तेथे उत्पादन सुरू झाले व फेब्रुवारी १९८९ मधील आगीने त्यास जबर तडाखा दिला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथे चिपांच्या नव्या कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. अशा प्रसंगी वृत्तपत्रांतून कोट्यवधींचे आकडे झळकतात. अब्जांशांचे आकडे कोणी छापत नाही. वास्तविक कारखाना चालतो तो दुसऱ्या आकड्यांवर. यंत्रे विकत आणता येतात, वायूही विकत आणता येतो. पण नळातून जे वाहते आहे ते खरोखर कसे आहे हे रोज मोजण्याची, आणि आलेला आकडा न आवडला तरी तसाच लिहिण्याची सवय कोणत्याही निविदेतून मिळत नाही. ती संस्थेत मुरावी लागते.

या सबंध इतिहासाचा आम्ही काढतो तो निष्कर्ष एवढाच. जगात कोरडे असे काही नाही. अमुक मर्यादेपर्यंत पाहिले व तेथवर पाणी दिसले नाही, इतकेच म्हणता येते. शुद्धतेच्या दाखल्यावर आज ‘पाणी नाही’ असे लिहीत नाहीत. ‘अमुक अब्जांशांहून कमी’ असे लिहितात. या दोन वाक्यांत बेकर आणि मोर्ले यांच्यामधले अंतर आहे. पहिल्या वाक्यात लिहिणाऱ्याचा विश्वास असतो. दुसऱ्यात त्याच्या नजरेची मर्यादा असते, आणि म्हणूनच दुसरे वाक्य पुढच्याला तपासता येते. निरंक लिहिताना आपण कोठवर पाहिले हेही लिहावे, एवढी शिस्त पाण्याच्या एका न दिसणाऱ्या रेणूने शास्त्राला लावली. ती फक्त शास्त्रापुरतीच का राहावी?